दोघांच्या मोटरहोममध्ये चौघांची झोप: सरकता पलंग आणि वरचा बर्थ

दोघांसाठी बांधलेल्या मोटरहोममध्ये आणखी दोघांची सोय करायची म्हटलं की माणूस आधी टेप काढून जागा मोजायला लागतो. जागा सापडतेच. ट्रॅव्हलरच्या आकाराच्या गाडीत चौथा माणूस झोपवायला जागा कधीच कमी पडत नाही. कमी पडते ती वजनाची शिल्लक, आणि ती टेपनं मोजता येत नाही. म्हणून पहिलं काम काट्यावर.

पाण्याची टाकी, डिझेल, गॅस, भांडीकुंडी, सगळं नेहमीसारखं भरून गाडी वजनकाट्यावर न्या. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या काट्यांकडे जाऊ नका, उसाच्या रांगेत अर्धा दिवस जाईल. मार्केट यार्डातला किंवा एमआयडीसीतला खासगी काटा बरा. वजन तीनदा घ्या: नुसती पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग नुसती मागची चाकं. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यांची बेरीज दुसऱ्याच्या जवळपास आली पाहिजे. आता आरसी बुकातलं एकूण अनुज्ञेय वजन बघा आणि पूर्ण गाडीचं वजन त्यातून वजा करा. उरलेल्या आकड्यात माणसंही बसवायची आहेत. चौघांचे सरासरी ६५ किलो धरले तरी २६० किलो तिथंच संपतात. काट्यावर चालक गाडीत बसलेला असेल तर त्याचं वजन दोनदा धरू नका.

खाली दिलेला सरकता पलंग गादीसकट चाळीस-बेचाळीस किलोचा होतो, वरचा बर्थ साधारण १७ किलोचा. म्हणजे दोन्ही मिळून साठ किलो. हे साठ किलो कुठे बसतात याला फार महत्त्व आहे. ३३५० मिमी व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेल्या गाडीत हेच वजन मागच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) एक मीटर मागे टाकलं, तर मागच्या चाकांवर ६० नव्हे, ७८ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून १८ किलो उचलले जातात. मागे आधीच कायमचा पलंग, त्याखाली बॅटरी आणि पाण्याची टाकी असेल, तर पसरणी किंवा यवतेश्वरच्या चढाला स्टिअरिंग हलकं लागायला लागतं ते यामुळेच. वाढीव पलंग दोन ॲक्सलच्या मधे घ्या. शिल्लक शंभर किलोच्या आत असेल तर पलंग बनवण्याआधी लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून लिथियम घ्यायचा किंवा पाण्याची टाकी अर्धीच भरायचा विचार करा.

कागदाचा विषय

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट पुन्हा ठासून सांगितली. मोटर कॅराव्हानच्या मंजुरीसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि कारखान्यातून बनून येणाऱ्या गाड्या त्याखाली पास होतात. पासिंग एमएच-१० चं असो, ११ चं की ५० चं, आपल्यासाठी याचा अर्थ एकच: सीट काढायच्या नाहीत, बॉडी कापायची नाही, छप्पर उचलायचं नाही. पलंग बोल्टनं बसणारा आणि बोल्ट काढले की सुटणारा हवा. बनवायच्या आधी चित्र घेऊन आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. झोपायची जागा वाढली म्हणून प्रवासाची जागा वाढत नाही. आरसीवर जितक्या सीट, तितकीच माणसं, आणि प्रत्येकजण कंपनीच्या सीटवर, बेल्ट लावून. औदुंबरहून परतताना आजींना चालत्या गाडीत पलंगावर आडवं करायचं नाही. घरी बनवलेल्या बाकाला बाजारातला बेल्ट लावला तरी त्याचा काही उपयोग नाही. अचानक ब्रेक लागला की बेल्ट बाकासकट पुढे येतो.

सरकता पलंग

चार-पाच प्रकार आहेत, पण उजव्या भिंतीला लांब बाक असलेल्या गाडीत याला तोड नाही. दिवसा ६०० मिमी रुंदीचा बाक, रात्री ओढला की ११४५ मिमी, म्हणजे पावणेचार फूट. एक मोठा माणूस आणि एक मूल आरामात झोपतात. दोन मोठी माणसं जरा चिकटून.

गाडीच्या आडव्या दिशेनं झोपायची सोय शक्यतो करू नका. पत्रा वर जाताना आत कलतो, त्यावर आतलं लायनिंग, आणि शेवटी उंच माणसाचे पाय दुमडतात. रुंदी मोजायचीच असेल तर जमिनीपाशी, गुडघ्यापाशी आणि खांद्यापाशी अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत कमी आकडा धरा.

रचना अशी. लाकडी पट्ट्यांचे दोन संच, कंगव्याचे दात एकमेकांत जावेत तसे. एक संच बाकाला पक्का, दुसरा त्याच्या फटींतून बाहेर सरकतो.

सामान:

- १८ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही थर न सुटणारा) प्लाय, आयएस ७१० चा शिक्का असलेला, अर्धी शीट (२४४० × ६१० मिमी)
- २५ × २५ × २ मिमी चौकोनी एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप, १२ मीटर
- एम५ × ५० काउंटरसंक बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यानं सैल न होणारे), ६५ जोड्या (५८ लागतात)
- एम८ बोल्ट, ८.८ ग्रेड, नायलॉक नट, मोठे वॉशर, आणि ७५ × ७५ × ४ मिमी लोखंडी प्लेटा, प्रत्येकी ६
- एम६ रिव्हेट नट (पातळ लोखंडात एका बाजूनं पक्के बसणारे आट्यांचे नट), १०
- एम१० चे उंची बदलणारे नायलॉन पाय, ३
- २ मिमी जाडीचे नायलॉन वॉशर, १४
- ४० डेन्सिटीचा फोम, १०० मिमी जाड
- दोन मजबूत कड्या

आयएस ३०३ चा कमर्शियल प्लाय स्वस्त पडतो, पण त्यातला एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्रकार थोडाच ओलावा सोसतो, सततचा नाही. महाबळेश्वर-कोयनेच्या पावसात दोन हंगामांत त्याचे थर सुटायला लागतात.

प्लायच्या ६० मिमी रुंदीच्या नऊ पट्ट्या लांबीच्या दिशेनं कापा. कटरच्या पात्याची जाडी ३ मिमी धरून ५६४ मिमी रुंदी लागते, अर्ध्या शीटमध्ये बसते. चार पट्ट्यांतून ६०० मिमीचे १५ तुकडे निघतात, हे पक्के. उरलेल्या पाच पट्ट्यांतून ६२५ मिमीचे १४, हे सरकते. वरच्या थराची रेषा तुकड्याच्या लांबीला धरूनच आली पाहिजे. आडवी आली तर गुडघा टेकवल्यावर पट्टी मोडते. सुतार माल वाचवण्यासाठी शीट फिरवून कापतो, तिथं उभे राहून बघा.

सगळे तुकडे शेजारी मांडून मधे ४ मिमी फट ठेवली की २९ तुकडे आणि २८ फटी मिळून लांबी १८५२ मिमी होते. ही फट कमी करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण २ मिमीला काम देखणं दिसतं. मे महिन्यात पलंग लोण्यासारखा सरकतोही. जुलैत प्लाय फुगतो आणि दोघांनी ओढूनही पलंग हलत नाही. फट मोजायची ती पॉलिश झाल्यावर, कारण प्रत्येक बाजूला चढणारा थरही जागा खातो. कापलेल्या कडा आणि टोकं पॉलिशनं नीट बंद करा; पाणी तिथूनच आत शिरतं.

आता सांगाडा. चार आडवे पाइप, प्रत्येकी १८५२ मिमी:

पहिला, मागचा रेल, भिंतीला. दुसरा, पुढचा रेल, बाकाच्या पुढच्या कडेला, म्हणजे भिंतीपासून ५७५ ते ६०० मिमीमध्ये. पक्क्या पट्ट्या या दोघांवर बोल्टनं बसतात. तिसरा, ओढायचा पाइप, सरकत्या पट्ट्यांच्या पुढच्या टोकाखाली. बंद असताना तो पुढच्या रेलच्या अगदी समोर येतो, म्हणूनच सरकत्या पट्ट्या २५ मिमी लांब आहेत. चौथा, अडवणारा पाइप, सरकत्या पट्ट्यांच्या मागच्या बाजूला, टोकापासून ३० मिमीवर. पलंग ओढत नेला की साधारण ५२० मिमीवर हा चौथा पाइप पुढच्या रेलला मागून टेकतो आणि पलंग थांबतो. सरकत्या पट्ट्यांची ८० मिमी टोकं अजून आतच असतात, त्यामुळे बाहेरच्या कडेवर कुणी धपकन बसलं तरी मागची बाजू उचलत नाही. जिथं टेकतो तिथं पातळ रबर चिकटवा, नाहीतर रोज रात्री घणाचा आवाज.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. चौथा पाइप सरकत्या पट्ट्यांना थेट आवळला तर तो पक्क्या पट्ट्यांच्या पोटाला घासतो. मधे २ मिमीचा नायलॉन वॉशर टाका. दुसरी चूक फॅब्रिकेटरकडून होते. पुढचा आणि मागचा रेल जोडणारे आडवे तुकडे तो सवयीनं रेलच्याच पातळीत वेल्ड करतो, आणि चौथ्या पाइपचा रस्ताच बंद होतो. हे तुकडे रेलच्या खालच्या कडेपासून किमान १० मिमी खाली, उभ्या पायांना जोडायचे. चित्रात लाल रेघ मारून द्या.

फॅब्रिकेटरबद्दल आणखी एक. सांगली, मिरज, कराडकडे उसाच्या ट्रॉल्या बनवणारे कारागीर गावोगाव आहेत, हात पक्का असतो. फक्त जाडीवर त्यांचा जीव. २५ चा पाइप बघून ते ४० × ४० × ५ चा अँगल सुचवणारच. तो मीटरला ३ किलो भरतो आणि आपला पाइप दीड किलोच्या आत. माणसं झोपवायची आहेत, ऊस नाही. जाडी वाढवू देऊ नका.

वेल्डिंग गाडीच्या बाहेर करा. सांगाडा बाहेर जोडा, घासा, रेडऑक्साइड आणि रंग द्या, मग आत आणून बोल्ट करा. गाडीत वेल्डिंग करावंच लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि बीएस-६ गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) कंपनीच्या सूचनेप्रमाणे सोडवा. भिंतीच्या पोकळीतली वायर जळाली तर ती कुठे जळाली हे शोधण्यात आठवडा जातो.

जमिनीला पकड देताना नुसता पत्रा पुरत नाही. उभ्या पायांखाली एम८ बोल्ट आरपार, खालून ७५ ची प्लेट, वॉशर, नायलॉक. भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघा: डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंगचा जुडगा, सायलेन्सर. ड्रिल बिटला टेप गुंडाळून खोली मर्यादित करा. भोकाच्या कडेला प्रायमर आणि बोल्ट बसवताना पॉलियुरेथेन सीलंट, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज सुरू. मागचा रेल भिंतीच्या बरगड्यांना, म्हणजे पत्र्याला आतून आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना, रिव्हेट नटनं धरा. बरगडी कुठे आहे ते चुंबकानं किंवा ठोकून कळतं. मधल्या नुसत्या पत्र्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारू नका. खंबाटकी घाटातून दोन-चार फेऱ्या झाल्या की ते हलून भोक मोठं करतात.

पट्ट्यांचे एम५ बोल्ट प्रमाणातच आवळा. फार आवळलं तर २ मिमीचा पाइप चेपतो आणि पट्टी तिरपी बसते. डोकं प्लायमध्ये पूर्ण बुडालं पाहिजे, वर राहिलेलं डोकं गादीचं कापड खातं. पट्ट्यांच्या बाजूंना मेणबत्ती घासा. तेल-ग्रीस नको, धूळ धरतं आणि चादरीला लागतं.

ओढायच्या पाइपाला तीन पाय: दोन टोकांना, एक मधे. पट्टीचा वरचा भाग जमिनीपासून ३५० मिमी ठेवला तर पायाची उंची नायलॉन पायासकट ३०७ मिमी येते. वर १०० ची गादी आली की बसायची उंची ४५०, जेवायला-बसायला बरोबर. व्हिनाइलचा जोड किंवा जमिनीतला उंचवटा पायाच्या वाटेत येतो का, हे आधी पाहून घ्या. बाकाखालच्या कप्प्याची दारं समोरून, पायांच्या मधे येतील अशी ठेवा. वरून झाकण करता येत नाही.

कडी विसरू नका. उजव्या भिंतीचा पलंग डावीकडे उघडतो, आणि गाडी उजवीकडे वळली की आतलं सगळं डावीकडे फेकलं जातं. कडी नसेल तर घाटातल्या प्रत्येक उजव्या वळणावर पलंग आपणहून बाहेर येतो. दोन्ही टोकांना एकेक कडी.

शेवटी पलंग पूर्ण उघडून बघा की बाजूचं दार आणि आपत्कालीन दार किंवा खिडकी उघडते, आणि आगीचा सिलिंडर हाताला येतो. अंधारात, चौघं झोपलेली असताना बाहेर पडायला किमान एक पाऊल रुंद वाट हवी. ती राहत नसेल तर पलंगाची लांबी कमी करा.

गादी दोन भागांत: बैठकीची ६०० मिमी रुंद, पाठीची ५४५. दोन्हींची जाडी एकच, नाहीतर मधली पायरी रात्रभर बरगडीत रुतते. लांबीत प्रत्येकीचे तीन तुकडे केले तर एकट्यानं उचलता येतात. ३२ डेन्सिटीचा फोम दिवसभर बसून वर्षात दबतो, म्हणून ४०. खोळ जाड सुती कापडाची घ्या. रेक्झिन पुसायला सोपं म्हणून गादीवाले तेच सुचवतात, पण त्यावर माणूस घामानं चिकटतो. खालच्या बाजूला जाळीचं कापड लावून घ्या.

वरचा बर्थ

चौथं माणूस मूल असेल तर भिंतीला लटकणारा बर्थ करता येतो. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका. दुमजली पलंगांच्या युरोपीय मानकातही हीच मर्यादा आहे.

बिजागरी भिंतीकडच्या कडेला आणि बर्थ दिवसा खाली लटकलेला, अशीच रचना करा. वर छताकडे दुमडणारा बर्थ सुटसुटीत दिसतो, पण त्याची कडी धावत्या गाडीत निसटली तर तो डोक्यावर येतो. खाली लटकणारा कुठे पडणार? शिवाय त्याचा वरचा भाग दिवसा खोलीकडे तोंड करून राहतो, म्हणजे पाठीच्या उश्या त्यालाच टेकतात. बाकाची ६०० मिमी खोली उशी आणि बर्थ धरून साधारण ४६५ उरते, बसायला पुरते. खिडकी झाकली जाते, ते मात्र सोसावं लागतं.

माप १७०० × ६००. चौकट त्याच २५ च्या पाइपाची, मधे दोन आडवे तुकडे, वर ९ मिमी प्लाय, त्याला दर १०० मिमीवर २५ मिमीची भोकं, हवेसाठी. गादी ७५ मिमी, ३२ डेन्सिटी चालेल.

उंचीचं गणित गाडीची आतली उंची १८५० धरून करू. खालच्या गादीचा वरचा भाग ४५० वर. तिथून ७५० मिमी मोकळे सोडले की बर्थचा तळ १२०० वर. चौकट, प्लाय आणि गादी मिळून ११० च्या आसपास, म्हणजे वरची गादी १३१० वर आणि छतापर्यंत ५४० उरतात. मूल कुशीवर वळू शकतं, उठून बसू शकत नाही. हे ५४० चं अंतर ५०० च्या खाली गेलं तर बर्थ सोडून द्या. घुसमट होते आणि मूल खालीच येऊन झोपतं.

भिंतीवर आधी ४० × २० × २ मिमीचा आडवा पाइप बसवा, किमान तीन बरगड्यांना धरून. बिजागऱ्या तीन, त्या पाइपाला बोल्ट केलेल्या. बाहेरची कड दोन टोकांना ५० मिमी रुंदीच्या पॉलिस्टर पट्ट्यांवर. पट्टा वर छताच्या कमानीला उभा गेला तर उत्तम. हिशोब असा: बर्थवर १५० किलो धरा, मूल उड्या मारणारच. त्यातले निम्मे, ७५, बाहेरच्या कडेवर. प्रत्येक उभ्या पट्ट्यावर साधारण ३८. पट्टा ४५ अंशात भिंतीला नेला तर ताण जवळपास दीडपट, आणि ३० अंशावर आला तर थेट दुप्पट. शिवाय तो बर्थला भिंतीकडे ढकलतो आणि बिजागऱ्यांवर जोर येतो. साखळी लावू नका, वाजते आणि मुलांची बोटं सापडतात. पट्ट्याचं टोक तीक्ष्ण लोखंडावरून वळत असेल तर तिथं गोल सळई लावा. पट्टे तुटतात ते बहुधा कडेवर घासून.

कठडा गादीच्या वर किमान १६० मिमी. कठड्यातल्या फटी ६० ते ७५ मिमीच्या. त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. कठडा कापडी केला तर आवळून बांधा, सैल कापडात मूल गुंडाळलं जातं.

बाकीचे पर्याय

समोरासमोर सीट आणि मधे टेबल असेल तर टेबल खाली उतरवून पलंग होतो. टेबलाच्या दोन्ही कडा सीटच्या बाजूंना लावलेल्या २५ मिमीच्या ॲल्युमिनियम अँगलवर किमान २० मिमी टेकल्या पाहिजेत. मधल्या एका खांबावर भार ठेवू नका, तो डुगडुगतो आणि काही महिन्यांत जमिनीतली त्याची पकड सैल होते. ५०० च्या दोन सीट आणि ७०० ची मधली जागा धरली तरी लांबी १७०० च भरते, म्हणजे ही सोय मुलांची किंवा बुटक्या माणसांची.

पुढच्या दोन सीटवर आडवी फळी टाकून एका मुलाची सोय होते. फळी हँडब्रेक आणि गिअरला टेकत नाही ना, एवढं बघा. चावी काढून ठेवा.

छतावरचा तंबू दिसायला झकास. पण पन्नास ते सत्तर किलो गाडीच्या सगळ्यात उंच जागी जातात आणि आधीच उंच असलेली गाडी आंबेनळीसारख्या घाटात झुलायला लागते. छताची उभ्या गाडीतली भारक्षमता आणि धावत्या गाडीतली भारक्षमता वेगळी असते. कंपनीनं दिलेला धावत्या गाडीचा आकडा पाहूनच ठरवा. आमच्या मते या भागातल्या पावसात आणि या उंचीच्या गाडीवर हा पर्याय घेऊ नये.

शेजारी उभारायचा तंबू सगळ्यात स्वस्त आणि वजनालाही हलका. खुंट्या मात्र सड्यावरच्या जांभ्यात जात नाहीत. दोऱ्या बांधायला पाण्याचे कॅन किंवा वाळूच्या पिशव्या न्या. कासच्या पठारावर तो ठोकायचा विचारही नको. २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, आणि तिथली माती बोटभर जाडीची. गावातल्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक रानात लावा.

हवा आणि गॅस

दोघांच्या गाडीत चौघं झोपली की श्वासातून रात्रभरात लिटरभर पाणी हवेत येतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर. डिसेंबरच्या रात्री पत्रा गार पडतो आणि ते पाणी पत्र्यावर, काचांवर आणि गादीच्या पोटाला जमतं. पट्ट्यांचा पलंग करायचं निम्मं कारण हेच: सपाट फळीवरची गादी खालून काळी पडते. छताची झडप दोन बोटं आणि खालची एक खिडकी जाळी लावून उघडी ठेवा. थंडी वाजते म्हणून दोन्ही बंद करायच्या नाहीत, गोधडी वाढवायची.

आत शेगडी, सिगडी किंवा गॅसचा हीटर लावून झोपू नका, आणि इंजिन चालू ठेवून एसीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीला लावा, धुराचा छताला, आणि एलपीजीचा जमिनीपाशी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खालीच साठतो. सिलिंडरचा कॉक रात्री बंद.

नव्या पलंगाशी दिवा आणि चार्जिंगची सोय कराल तेव्हा त्या वायरला स्वतंत्र फ्यूज द्या आणि ती पाइपातून न्या. सरकत्या पट्ट्यांखालून मोकळी वायर नेली की दर रात्री थोडी थोडी सोलली जाते.

चाचणी

माणूस झोपवायच्या आधी पोती झोपवा. सरकत्या पलंगावर साखरेची किंवा सिमेंटची ५० किलोची चार पोती पसरून, बर्थवर तीन, आणि रात्रभर तशीच. आधी आणि नंतर मधोमध जमिनीपासूनचं अंतर मोजा. १० मिमीपेक्षा जास्त झुकलं असेल तर मधे आणखी एक आडवा तुकडा हवा. पोती काढल्यावरही झोळ तसाच राहिला तर पाइप वाकलाय. सरळ करून वापरू नका, बदला.

मग पलंग बंद, कड्या लावून, गाडी खराब रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवा आणि आत एकाला कंपनीच्या सीटवर बसवून आवाज कुठून येतो ते ऐकायला सांगा. लोखंड लोखंडाला लागतं तिथं रबर, लाकूड लोखंडाला लागतं तिथं नमदा. पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर सगळे एम८ बोल्ट पुन्हा तपासा, २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे. पाठोपाठ गाडी पुन्हा काट्यावर घ्या आणि दोन्ही ॲक्सलचे नवे आकडे टायरच्या भारक्षमतेशी आणि कंपनीनं दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. टायरमधली हवाही त्या वजनाप्रमाणे भरा. बर्थचे पट्टे दर पावसाळ्यानंतर उन्हात धरून बघायचे. शिवण उसवली असेल, कडा झिपरल्या असतील किंवा रंग उडून पट्टा कडक झाला असेल तर दोन्ही एकदम बदला, एकच नाही.